मानवी तस्करीविरोधी संस्थेचे विश्वस्त व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देहविक्रीसाठी, वेठबिगारीसाठी किंवा घरकामाच्या नावाखाली विकल्या गेलेल्या बायका-मुलांसाठी आपल्याकडे बऱ्याच संस्था काम करतात. कामाठीपुऱ्यात १९८६ साली सुरू झालेली ‘प्रेरणा’, अहिल्यानगरची १९८९ सालची ‘स्नेहालय’, गोव्यात बायणा वस्तीतून काम उभं करणारी ‘अर्ज’ ही नावं अनेकांना माहीत असतील. या क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांवर बरंच लिहिलं जातं. त्यांच्या पाठीशी असलेलं विश्वस्त मंडळ काय करतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मी स्वतः अशा एका मंडळावर बरीच वर्षं आहे. नवीन विश्वस्त शोधताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती महाराष्ट्रात नोंदलेल्या संस्थांना धरून आहेत.

विश्वस्त म्हणून मला छाप्याला जाता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर: नाही, आणि जाऊही नये.

छापा हे पोलिसांचं काम. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे ‘पिटा’ म्हणतात, १९५६ सालचा आहे. झडतीच्या वेळी दोन प्रतिष्ठित पंच हवेत आणि त्यातली एक तरी बाई हवी, पथकात किमान दोन महिला पोलीस हव्यात, अशा अटी त्यातच घातल्या आहेत. बनावट ग्राहक पाठवणं, नोटांचे नंबर लिहून घेणं, पंचनामा हे सगळं पुढे कोर्टात उलटतपासणीला टिकावं लागतं. संस्थेचा विश्वस्तच पंच म्हणून उभा राहिला, तर आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की हा संस्थेचाच माणूस आहे. म्हणजे तुमच्या उत्साहाची किंमत त्या मुलीच्या केसला मोजावी लागते.

तुमचं काम त्या रात्रीच्या आधी आणि नंतर असतं. आपली संस्था छाप्यात भाग घेते का, घेत असेल तर कोणत्या अटींवर, सोबत कोण जाणार, त्या मुली बाहेर आल्यावर झोपणार कुठे, त्यांची भाषा बोलणारी बाई तिथे हजर आहे का, हे मंडळानं आधी ठरवून लेखी ठेवायचं. आणि तीन-चार वर्षांनी समन्स येईल तेव्हा ती मुलगी पश्चिम बंगालमधल्या किंवा बांगलादेशातल्या तिच्या गावी असेल. तिथून तिची साक्ष कशी व्हायची, तिच्यासोबत कोण बसायचं, त्याचा खर्च कुठून करायचा? अंदाजपत्रकात ही ओळ आहे का, हे विचारणारा माणूस म्हणजे विश्वस्त.

किती वेळ द्यावा लागतो? मानधन मिळतं का?

मानधन नाही. प्रवासखर्च मागता येतो, आणि लांबून येणाऱ्यांनी तो संकोच न करता मागावा. नाहीतर मंडळावर फक्त शहरातले सुखवस्तू लोक उरतात.

बैठका महिन्या-दोन महिन्यांनी होतात, पण खरा वेळ कागद वाचण्यात जातो. बैठकीला येऊन समोर ठेवलेल्या इतिवृत्तावर सही करून चहा पिऊन जाणारे विश्वस्त आम्हाला नकोत. ताळेबंद समजत नसेल तर समजेपर्यंत विचारा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मला सामाजिक कामाचा अनुभव नाही. चालेल?

चालेल. हिशेब तपासू शकणारा सीए, मानसोपचारतज्ज्ञ, निवृत्त प्रोबेशन अधिकारी, नोकरभरती कळणारी एचआरमधली बाई, बांधकामातला इंजिनिअर, सगळ्यांचा उपयोग होतो. निवारागृहाच्या जिन्याला आग लागल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का, हे इंजिनिअरच्याच डोळ्याला पटकन दिसतं.

वकिलांसाठी मात्र एक गोष्ट. ‘प्रेरणा’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २००२ मध्ये दिलेला निकाल मुळातून वाचा. सुटका झालेल्या अल्पवयीन मुलीला आरोपी म्हणून वागवायचं नाही, तिला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, ‘मी मावशी आहे’ म्हणत येणाऱ्या कोणाच्याही हवाली करायचं नाही, आणि आरोपीच्या वकिलानं मुलीच्या वतीनं उभं राहायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. हा शेवटचा मुद्दा का सांगावा लागला असेल, याचा विचार केला की या धंद्याचे हात किती लांब आहेत ते कळतं.

तस्करी म्हणजे देहविक्रीच ना?

नाही. संविधानाच्या २३ व्या कलमानं माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्हींना एकत्र बंदी घातली आहे. भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमातही श्रमाचं शोषण, गुलामी, अवयव काढणं हे सगळं येतं. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याची प्रकरणं उघडकीस आली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. पण उचल देऊन माणूस बांधून घेण्याची पद्धत वीटभट्टीवर आणि उसाच्या फडातही ओळखीची आहे. तुमच्या संस्थेच्या घटनेत उद्दिष्टं काय लिहिली आहेत, ते एकदा वाचून घ्या. उद्दिष्टात नसलेल्या कामावर पैसा खर्च झाला की पुढे आक्षेप निघतात.

संस्था चांगली चालली आहे हे कसं ओळखायचं? किती जणींची सुटका केली त्यावरून?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक मंडळं इथेच फसतात.

सुटकेचा आकडा मोजायला सोपा. वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर तो मोठ्या टायपात शोभतो आणि देणगीदाराला लगेच समजतो. म्हणून तो आकडा दरवर्षी वाढलाच पाहिजे असा दबाव तयार होतो, आणि तो दबाव येतो मंडळाकडून. मग कार्यकर्ते जिथे आकडा मिळेल तिथे जातात. एका छाप्यात बारा बायका आणल्या आणि त्यातल्या नऊ जणी सज्ञान असून स्वतःच्या मर्जीनं तिथे होत्या, तरी अहवालात ‘बारा’च लागतात. त्या नऊ जणींचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही.

मंडळानं विचारायचे प्रश्न वेगळे असतात. दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुली आज कुठे आहेत? त्यांचं आधार कार्ड, बँक खातं झालं का? त्यातल्या किती जणी पुन्हा त्याच वस्तीत परतल्या, आणि का? मनोधैर्य योजनेत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचे किती अर्ज केले, किती मंजूर झाले, आणि हातात पैसे किती जणींच्या पडले? शेवटच्या दोन आकड्यांमध्ये किती अंतर आहे, तिथे संस्थेचा पाठपुरावा दिसतो. वेठबिगारीच्या केसमध्ये तहसील किंवा प्रांत कार्यालयातून मुक्ती प्रमाणपत्र निघालं का? ते नसेल तर पुनर्वसनाचं पुढचं काहीच हलत नाही.

सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेनं आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद या तिथल्या देहविक्री करणाऱ्या बायकांच्या संघटनेनं छापा-सुटका पद्धतीवर वर्षानुवर्षं टीका केली आहे. छाप्यात कर्ज तसंच राहतं, पोरं घरी एकटी राहतात, बाई मात्र कोंडली जाते, असं त्या बायकांचं म्हणणं. तुम्हाला ते सगळं पटो न पटो, तस्करीविरोधी संस्थेच्या प्रत्येक विश्वस्तानं ते ऐकून घेतलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांचाच आक्षेप मंडळाच्या टेबलापर्यंत पोचत नसेल, तर ते मंडळ आंधळं आहे.

सज्ञान बाईला निवारागृहात राहायचंच नसेल तर?

मग तिला कोंडून ठेवणारी यंत्रणा आपण होऊ नये. पिटाच्या १७ व्या कलमाखाली दंडाधिकारी चौकशी करून एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. पण सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच एका आदेशावरून ठेवलेल्या तीन तरुण स्त्रियांना मोकळं केलं. या कायद्यानं देहविक्री हा स्वतंत्र गुन्हा ठरवलेला नाही आणि सज्ञान बाईला कुठे राहायचं ते निवडायचा हक्क आहे, असं न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी म्हटलं. मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना सन्मानानं वागवण्याचे निर्देश दिले.

विश्वस्त म्हणून तुम्ही एक साधी गोष्ट तपासा: संस्थेच्या फाटकाला कुलूप आतून आहे की बाहेरून, आणि किल्ली कोणाकडे असते. सज्ञान बाईनं ‘मला जायचंय’ म्हटल्यावर पुढच्या चोवीस तासांत काय होतं, हे अधीक्षिकेला विचारा. उत्तर चाचरत आलं तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय तुम्हाला मिळाला.

अल्पवयीन मुलींचं वेगळं. त्यांच्याबाबत बाल कल्याण समितीचा आदेश लागतो आणि तो पाळावाच लागतो.

निवारागृहाला भेट कधी, कशी द्यायची? वाढदिवस तिथे साजरा केला तर चालेल?

वाढदिवस नको. नव्या विश्वस्तांची भावना चांगली असते, पण तिथे काय होतं ते सांगते. पाहुणे साडेबाराला येणार म्हणून मुलींना साडेअकरापासून अंघोळी करून सतरंजीवर बसवतात. पाहुण्यांना उशीर होतो. स्वागतगीत होतं, केक कापला जातो, फोटो निघतात. तोवर स्वयंपाकघरात वरणावर साय धरलेली असते आणि धाकट्या पोरी भुकेनं पेंगत असतात. सोळा वर्षांच्या मुलीला, जिला कालच कोर्टात अनोळखी माणसांसमोर सगळं सांगावं लागलं, आज अनोळखी माणसांसमोर नाचायला लावायचं? आमच्या मंडळानं ठराव करून हे बंद केलं.

भेट द्यायचीच आहे तर दोघांनी मिळून द्या आणि एक तरी बाई असू द्या. हजेरीपुस्तक, औषधांची नोंद, तक्रारपेटी बघा. तक्रारपेटीची किल्ली अधीक्षिकेकडे असेल तर ती पेटी नसल्यातच जमा. मुलींच्या केस फाइली मागू नका, तुम्हाला त्यांची गरज नाही. मंडळासमोर येणाऱ्या कागदात नावाच्या जागी नंबर असावा.

२०१८ मध्ये उघडकीला आलेलं मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण आठवा. बिहार सरकारच्या पैशावर एक संस्था ते चालवत होती. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ पथकानं राज्यभरातल्या गृहांचं सामाजिक अंकेक्षण केलं, मुलींशी बोललं, तेव्हा ते बाहेर पडलं. संस्थेबाहेरच्या माणसाला मुलींशी मोकळेपणानं बोलता येणं किती महत्त्वाचं, ते यातून कळतं. म्हणून बाहेरच्या तज्ज्ञ व्यक्तीकडून ठरावीक काळानं तपासणी करून घ्यायचा ठराव मंडळानं स्वतःहून करावा.

कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार आली तर?

दाबायची नाही, आणि ‘आधी आपल्यात मिटवून बघू’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. मूल अल्पवयीन असेल तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, १९ व्या कलमाखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसानं केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखानं कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती हवी. तिच्याकडे तक्रार करणारी बाई नोकरीवरच असली पाहिजे असं नाही, निवारागृहात राहणारीही करू शकते. भिंतीवर बोर्ड लावला म्हणजे समिती झाली असं समजणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा.

देणगीदाराला फोटो आणि ‘तिची कहाणी’ हवी असते. द्यायची का?

नाही. बाल न्याय अधिनियमाचं ७४ वं कलम, पोक्सोचं २३ वं आणि न्याय संहितेचं ७२ वं, तिन्ही ओळख उघड करण्याविरुद्ध आहेत. चेहरा धूसर केला, नाव बदललं, तरी मागे ग्रामपंचायतीचा बोर्ड दिसतो, हातावरचं गोंदण दिसतं, आणि गावात कोणालाही ओळख पटते.

कायद्यापलीकडचाही एक प्रश्न आहे. कंबोडियातल्या सोमाली माम या जगप्रसिद्ध कार्यकर्तीच्या नावाची संस्था अशाच कहाण्यांवर मोठी झाली होती. त्या कहाण्यांच्या खरेपणाबद्दल शंका निघाल्यावर २०१४ मध्ये मंडळानं वकिलांच्या फर्मकडून चौकशी करवली, मामबाईंनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी ती संस्था बंद झाली. मंडळानं चौकशी केली हे योग्यच, पण ती किती आधी व्हायला हवी होती! कहाणीवर पैसा येऊ लागला की कहाणी जास्त दारुण करायचा मोह होतो, आणि तो मोह मुलींपर्यंतही पोचतो. पाहुण्यांना काय आवडतं ते त्यांना बरोबर कळतं.

पीडित महिलेला मंडळावर घ्यावं का?

घ्यावं, पण एकटीला नको आणि शोभेसाठी नको. दोघी असल्या तर एकमेकींच्या आधारानं बोलतात. कागद मराठीत किंवा हिंदीत असावेत, रोजगार बुडाला तर तो भरून द्यायची सोय असावी, आणि ‘तुमचा अनुभव सांगा ना ताई’ असं कोणीही म्हणू नये. ती अंदाजपत्रकावर बोलायला आली आहे. आमच्याकडे रात्रपाळीला एकच काळजीवाहक असणं धोक्याचं आहे हा मुद्दा अशाच एका ताईंनी मांडला. बाकी कोणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

पैशांच्या बाबतीत काय बघायचं?

छाप्याच्या रात्रीची गाडी, जेवण, मुलींचे कपडे, औषधं हा सगळा खर्च घाईत आणि बहुधा रोखीनं होतो. व्हाउचर दुसऱ्या दिवशी झालं पाहिजे. विश्वस्तांच्या नातेवाइकाची जागा भाड्यानं घेणं, पुतण्याला नोकरी देणं यानं आयकरातली सवलत धोक्यात येऊ शकते, त्यामुळे हितसंबंध असेल तर आधी सांगा आणि त्या ठरावाला बाहेर बसा.

परदेशी देणगीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं.

सरकारी अनुदानावर निवारागृह असेल तर हप्ते उशिरा येतात हे गृहीत धरा. उज्ज्वला आणि स्वाधार या जुन्या योजना आता ‘शक्ती सदन’मध्ये एकत्र झाल्या आहेत. अनुदान अडकलं तरी मुलींचं जेवण आणि कर्मचाऱ्यांचे पगार चालू राहतील एवढी गंगाजळी हवी. पगार थकले की चांगल्या काळजीवाहक बायका आधी सोडून जातात.

मी अमेरिकेत राहतो. मंडळावर येऊ शकतो का? देणगी देऊ शकतो का?

देणगीचं आधी. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलीत, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तुम्ही अमेरिकी नागरिक झाला असाल, अगदी ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगीच. एफसीआरए नसलेल्या संस्थेनं ती घेतली तर संस्था अडचणीत येते, म्हणून महाराष्ट्र मंडळात जमवलेले पैसे पाठवण्याआधी विचारा. मंडळावर परदेशी नागरिक घेतला तर एफसीआरएच्या वेळी अडचण होते, म्हणून आम्ही अशा मित्रांना सल्लागार म्हणून जोडून घेतो.

संस्थापकांशी मतभेद झाले तर?

होणारच. ज्यांनी धमक्या खाऊन, घरदार बाजूला ठेवून संस्था उभी केली, त्यांना ‘हे चुकतंय’ म्हणणं जड जातं. बहुतेक मंडळं संस्थापकांच्या मित्रांचीच असतात. आदर ठेवा, पण बँकेच्या खात्यावर दोन सह्या ठेवा, संचालकांचं वार्षिक मूल्यमापन लेखी करा, आणि त्यांच्यानंतर कोण, हा विषय ते धडधाकट असतानाच काढा. कर्मचाऱ्यांना संस्थापकांना वगळून अध्यक्षांपर्यंत येता आलं पाहिजे. मतभेद इतिवृत्तात नोंदवायला सांगा. ‘एकमतानं मंजूर’ असं लिहायची सवय मोडली पाहिजे.

माझ्यावर वैयक्तिक जबाबदारी किती?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० तुम्हाला लागू होतो. तुमच्या हलगर्जीपणामुळे संस्थेचं नुकसान झालं तर ते तुमच्याकडून वसूल करण्याचा आदेश निघू शकतो, आणि ४१-ड कलमाखाली निलंबनही होऊ शकतं. जमीन-इमारत विकायची किंवा कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तुमचं नाव मंडळावर आल्याचा बदल अर्ज नव्वद दिवसांत दाखल झाला पाहिजे. तो झाला का, हे तुम्ही स्वतः बघा. अनेक संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात आणि कागदोपत्री मंडळावर वारलेली माणसंच असतात.

धोका असतो का?

कार्यकर्त्यांना जास्त असतो, विश्वस्तांना कमी. तरी निवारागृहाचा पत्ता, मुलींच्या कोर्टाच्या तारखा, कार्यकर्त्यांचे फोन नंबर हे कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ‘माझ्या ओळखीच्यांची मुलगी तिथे आहे, जरा बघता का’ असा फोन आला, मग तो नगरसेवकाचा असो की नात्यातल्या माणसाचा, ‘अर्ज बाल कल्याण समितीकडे करा’ एवढंच सांगा आणि फोन आल्याचं अध्यक्षांना लेखी कळवा.

मंडळावर किती वर्षं राहायचं? सोडताना काय करायचं?

सलग दोन मुदती पुरेत. राजीनामा लेखी द्या, तो बैठकीत मंजूर करून घ्या, बँकेतली सही आणि पोर्टलवरची तुमची डिजिटल सही रद्द करून घ्या, बदल अर्जाची पोच स्वतःकडे ठेवा. लॅपटॉपवर, ईमेलमध्ये संस्थेचे जे कागद असतील ते परत करून पुसून टाका. केसबद्दलची गुप्तता राजीनाम्यानंतरही तशीच लागू राहते. जमलं तर तुमच्या जागी येणाऱ्या व्यक्तीला एक बैठक सोबत बसवून मगच उठा.